रिकाम्या पेट्या, त्रेचाळीस

एमायोगी नदी फुगली की तार्तूच्या तळघरांना आधी कळतं.
भिंतीला घाम येतो, मग मिठाची पांढरी रेघ,
मग संचालकबाईंचा फोन:
हेल्यो, रिकाम्या पेट्या माळ्यावर हलव.
आज. अंधाराच्या आत.

त्रेचाळीस पेट्या.
नोंदवहीत माझ्याच अक्षरात: रिकामी, रिकामी, रिकामी.
प्रदर्शनं पुढे सरपटत गेली, ही त्यांची कात.
माळ्यावर जागा नवांची.
दहावी ठेवली तर दार मिटत नाही.

तावेतला वरून बोलावलं. वय सव्वीस.
कामाला हात लावण्याआधी तो लॅपटॉप उघडतो.
मी टेपचं टोक गुडघ्याखाली दाबून मापं सांगत गेले.
आडवी करून घातली तर चालेल?
चालेल.
उभी?
चालेल.
तिरकी?
तिरकी नको रे,
तिरकं घातलेलं मला पुन्हा बाहेर काढता येत नाही.

पहिली रीत साधी होती.
मोठीपासून उतरती रांग लावायची,
जी जिच्यात सगळ्यात घट्ट बसेल तिच्यात ती सोडायची.
कुणीही असंच केलं असतं.
उत्तर आलं: अकरा.

तो दाढी खाजवत राहिला. मग म्हणाला,
मापं बरोबर आहेत, आपण घाई केली.
हातमोज्यांच्या पेटीनं कान्नेलच्या पेटीतली जागा अडवलीय.
तिला दुसरीकडेही जाता येतं,
पण तिथे चष्मे बसलेत.
चष्म्यांना विचारू.
चष्मे पंचांगांच्या पेटीत जातील,
पंचांगांच्या पोटातली बटणांची पेटी
त्या कुणालाच नको असलेल्या हिरव्या पेटीत.
एकीला सरक म्हटलं की चार जणी उठतात,
आणि जिला कुठेच जागा नव्हती ती शेवटी बसते.
दहा.
पुन्हा तसंच विचारत गेलो, दारोदार.
नऊ.

आठ का नाही?
जिना माझ्या गुडघ्यांना चढायचा होता, म्हणून विचारलं.
त्यानं नऊ पेट्या बाहेर काढून ओळीत मांडल्या.
नकाशांची, पसरट, जिच्यात ताटलीसुद्धा उभी राहत नाही.
लांब दांड्याच्या कोयत्याची.
घंटेची, चारी बाजूंनी ठेंगणी.
आणखी सहा, आपापल्या हट्टाच्या.
यातली कुठलीच कुठलीत जात नाही, तो म्हणाला,
म्हणून नऊ ढीग लागणारच,
कितीही हुशार माणूस आणा.
माझा विश्वास बसेना. एकेक लावून पाहिली.
खरंच.
मला माझी बहीण लाइने आठवली.
तिच्या रागात मी मावत नाही,
माझ्या गप्प बसण्यात ती.

मग आम्ही घालत सुटलो.
लाकडावर लाकूड घासल्याचा तो आवाज,
दाराआडून कुणी खाकरावं तसा.
पंचांगांची पेटी उघडली
आणि तळाशी कुरतडलेल्या कागदाचं घरटं,
त्यात एक उंदरीण, पाच गुलाबी पिल्लं,
प्रत्येक माझ्या करंगळीच्या पेरापेक्षा लहान.
नोंदवहीत ही पेटी रिकामी होती.

तावेतनं माझ्याकडे पाहिलं. मी तावेतकडे.
त्यानं एक ओळ टंकली:
हिच्यात कुणी नाही, ही कुणात नाही.
लॅपटॉप पुटपुटला: दहा.
बाकीच्यांचं काय? मी विचारलं.
बाकीच्यांचं ठीक आहे.
मधली काढली तरी धाकटी थेट थोरलीत जाते.
जरा खुळखुळेल, इतकंच.

नऊ ढीग आम्ही माळ्यावर नेले. दार मिटलं.
दहावी मी मांडीवर घेऊन
जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसले,
झाकण बोटभर उघडं ठेवून.

पाणी रात्री तळघराच्या उंबऱ्यापर्यंत आलं,
थोडं थांबलं
आणि परत गेलं.
नोंदवहीत मी "रिकामी" खोडलं.
त्या जागी काय लिहावं
हे अजून ठरलेलं नाही.